रामरावांच्या कोटावरचा कापूस

जऊळका,
फेब्रुवारी १९३८

चि. इंद्रभान यास ताईचे अनेक आशीर्वाद.

यांच्या शिंका सोडल्यास येथे सर्व ठीक. तुझी कंबर कशी आहे? (लेप लावत नसशील, म्हणून अधिक विचारीत नाही.)

कारंजाचे स्थळ तू उत्तम आणलेस. पण दिवाळीनंतर रामराव आपल्या मुलासाठी रुख्मिणीला पाहायला आले, तेव्हा त्यांनी होकारासाठी तोंड उघडायला आणि यांनी शिंकायला एकच गाठ पडली. रामराव उठलेच. शिंक झाली तर ते तुरीचा सौदासुद्धा करीत नाहीत म्हणे.

मी दोष घराला दिला. मिरच्यांची माळ परसात नेली, आढ्यावरची कबुतरे हाकलली, मांजर शेजारच्या रंगूबाईंना दिले (जेवायला येथेच येते). शेवटी गादी धुळीची म्हणून उस्मान पिंजाऱ्याला अंगणात बसवले, आणि हे देखरेखीला त्याच्या पुढ्यात बसले. थोड्या वेळाने उस्मानने धनुकली खाली ठेवली. "बाई, साहेबायले आत न्या. मी पिंजून राह्यलो अन् ते उडवून राह्यले." तेव्हा उलगडा झाला: शिंका कापसाच्या. गाद्या, लोड, उशा सगळे घराबाहेर गेले. हे घोंगडीवर निजू लागले आणि शिंका थांबल्या.

मग परवा रामराव पुन्हा आले, ते थेट आपल्या सरकी काढायच्या जिनातून. कोटावर कापूस, पागोट्यावर कापूस, मिशीतही कापूस. त्यांनी यांना कडकडून मिठी मारली. पुढचे लिहीत नाही. "पोरगी सोन्यासारखी हाय, बाई," रामराव म्हणाले, "पन तुमच्या घरालेच शिंक लागली, त्याले मी काय करू?" आता अपशकुन स्वतःच अंगावर घालून आणणाऱ्या माणसाला मुलीच्या आईने 'कोट झटका' म्हणून कसे सांगावे?

म्हणून पुढच्या खेपेस तू बरोबर ये, आणि स्टेशनावरच गप्पांच्या ओघात त्यांचा कोट झटकून घे. मध्यस्थाला एवढे जमावे.

लेप लाव.

तुझी
ताई

ता. क. – परवा रुख्मिणी नाकाला पदर लावून बसली होती. रामरावांनी ती लाज समजून वाखाणली, मीही तेच समजले. पण ती नाकाडोळ्यांनी बापावर गेली आहे, आणि रामरावांचे बिऱ्हाड जिनाच्याच माडीवर. मी माझ्या घरातून गाद्या काढल्या. ती त्या घरातून काय काढील? तेव्हा आधी जिनातला मूठभर कापूस पुडीत बांधून पाठव. तिच्या उशाशी ठेवून पाहते.

आणखी एक. ती शिंकली, तर रामरावांना आणू नकोस. ती शिंक मी मानणार आहे.