मोंतेसेराची जागा आणि राहिलेला अंतरा

जर्सी सिटी,
११ जुलै २००४

तीर्थरूप अहिल्याआत्या यांस,

सुशांतचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द लोक पत्रात नुसता लिहितात, पण मी गेल्या वर्षी तो एका बाईंना खरोखर घातला आणि त्यातून काय झालं ते पुढे येईलच. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालता ना? हे पत्र राजीव तुम्हाला वाचून दाखवत असणार, म्हणून त्याला आत्ताच सांगून ठेवतो: बाबा रे, कंसातला मजकूरही वाचायचा, आईला त्रास होईल म्हणून गाळायचा नाही. इकडे शुभा, सावनी आणि मी मजेत आहोत. (मजेत म्हणजे शुभा माझ्याशी बोलते आहे. मध्यंतरी आठ दिवस बोलत नव्हती.) स्वयंपाकघरात 'तू' आणि तंबोऱ्यापाशी 'तुम्ही' हा तुमचाच नियम, आजचं पत्र तंबोऱ्यापाशी बसून लिहिलं आहे असं समजा.

बातमी अशी, की मी नोकरी सोडून इटलीला गाणं शिकायला जाणार आहे. घोटभर पाणी घ्या, मग राजीवला पुढे वाचू द्या. मोंतेसेरा नावाचं एक फार जुनं गाव आहे. डोंगरावर वसलेलं, भोवती कोट, आत गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कोणी आलं तर एकानं दुसऱ्याच्या दारात शिरायचं. तिथल्या एका मठात संगीताची शाळा भरते, तिला कॉन्झर्व्हेटरी म्हणतात. माझ्यासारख्या उशिरा जाग आलेल्या परदेशी लोकांसाठी त्यांचा वर्षभराचा वर्ग असतो. मला सदतिसावं लागलं आहे, पण यंदाच्या यादीत डेन्मार्कचे एक निवृत्त दंतवैद्यही आहेत असं त्यांनी मला धीर द्यायला मुद्दाम कळवलं. माझी जागा जवळजवळ पक्की आहे. या 'जवळजवळ'बद्दल शेवटी सांगतो, कारण आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं ऐकणार नाही.

ही सुरुवात सावनीच्या पियानोमुळे झाली. आमच्या दोन गल्ल्या पलीकडे मिसेस फेरारो म्हणून पियानो आणि गाणं शिकवणाऱ्या सत्तरीच्या बाई राहतात. त्यांचे आजोबा इटलीहून आले होते आणि त्या स्वतः तरुणपणी मोंतेसेरात शिकल्या होत्या. दर शनिवारी सावनीला त्यांच्याकडे सोडायचं आणि तास संपेपर्यंत बाहेर बसून राहायचं हे माझं काम. एकदा बुटांच्या नाड्या बांधताना मी गुणगुणत होतो. बाई आतून आल्या आणि म्हणाल्या, हा खालचा आवाज कोणाचा? मला वाटलं, तक्रार आहे, म्हणून मी सॉरी म्हणालो. (आवाजाबद्दल माफी मागायची सवय सांगलीत लागली, ती कोणामुळे लागली असं विचारू नका.) त्यांना मात्र तो आवाज हवा होता. पुढच्या शनिवारी त्यांनी मला शिकवायचं ठरवलं आणि मी रीतसर एडिसनच्या भारतीय दुकानांत जाऊन नारळ आणला, शाल आणली, आणि दार उघडताच त्यांच्या पायाशी लोटांगण घातलं. बाईंना वाटलं माझी कॉन्टॅक्ट लेन्स पडली. त्याही गुडघ्यांवर बसल्या आणि आम्ही दोघं बराच वेळ त्यांच्या गालिचावर शोधत होतो, मी काही शोधत नाहीये, नमस्कार करतोय, हे सांगायला मला योग्य इंग्रजी सुचेपर्यंत. नारळ त्यांनी कुंडीत ठेवला आणि त्याला पाणी घालायला सुरुवात केली. अजून घालतात.

दुसरा गोंधळ त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात झाला. चर्चच्या तळघरात पन्नास-साठ पालक इस्त्रीचे कपडे घालून श्वास रोखून बसले होते. एका मुलीनं असा काही स्वर लावला, असा लावला, की मी हात वर करून 'वा!' म्हणालो. आपल्याकडे नाही म्हटलं तर गाणाऱ्याला वाटतं श्रोता झोपला. इथे म्हटलं तर गाणारी थांबते. ती मुलगी थांबली, पियानो थांबला, सगळ्यांनी वळून बघितलं. सावनी उठून तीन खुर्च्या पलीकडे जाऊन बसली, आणि मी तिच्या शेजारी जायला निघालो तेव्हा दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, प्लीज, डोन्ट सिट विथ मी." मी मागे जाऊन बसलो आणि उरलेला कार्यक्रम दोन्ही हात मांडीखाली दाबून ऐकला.

मधल्या काळात आमच्या ऑफिसनं माझं सगळं काम पुण्याला पाठवलं. ज्या चौघांना मी फोनवरून तीन महिने ते शिकवलं, त्यांतला एक मिरजेचा निघाला. मुलगा चांगला आहे, त्याच्यावर माझा काही राग नाही. मला त्यांनी ओहायोत दुसरी जागा देऊ केली, ग्रीन कार्डची फाईलही चालू ठेवू म्हणाले. सात वर्षं मी त्या फाईलची वाट बघतो आहे, आत्या. पण ओहायोचं पत्र वाचताना मला जाणवलं की मी श्वास पोटातून घेतोय की छातीतून, एवढंच बघतोय, आणि मग मी ठरवलं, ओहायो नाही, मोंतेसेरा. शुभाच्या आठ दिवसांच्या मौनाचा आरंभ इथेच आहे. नवव्या दिवशी तिनं फ्रिजवर वर्षभराचं वेळापत्रक लावलं, सावनीला कोणी कधी सोडायचं त्याचं, आणि त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. ती म्हणाली, एक वर्ष दिलं. तिची नोकरी मॅनहॅटनमध्ये पक्की आहे, म्हणून हे जमतंय, आणि हे तिनं केलं आहे याची मला जाणीव आहे.

आता परीक्षेचं सांगतो. मोंतेसेराचे लोक मे महिन्यात न्यूयॉर्कला आले होते. तीन परीक्षक आणि एक पियानोवाला. मुख्य परीक्षक म्हणजे दोरीला चष्मा बांधलेले एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ. मला एक जुनं इटालियन गाणं म्हणायचं होतं, दोन पानांचं, प्रेयसी ऐकत नाही अशा तक्रारीचं, जेमतेम तीन मिनिटांचं. पहिली ओळ म्हटली आणि ती अशी बसली की मला वाटलं, पुन्हा एकदा घेऊ. पुन्हा घेतली. मग जरा खालून घेतली. मग मधल्या एका स्वरावर थोडं थांबून बघितलं. पियानोवाल्यानं पान उलटलं होतं, त्यानं ते परत मागे उलटलं. मग पुन्हा पुढे. पाचव्या खेपेला त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तो परीक्षकांकडे बघत बसला. मी मात्र डोळे मिटून त्याच ओळीत. शेवटी म्हाताऱ्यांनी पेन्सिल आपटली आणि विचारलं, तुम्ही पुढे का जात नाही? मी म्हटलं, सर, ही ओळ अजून झाली नाही.

आत्या, हे वाक्य माझं नाही. कॉलेजसाठी मी तुमच्याकडे राहायला होतो तेव्हा भूपाच्या बंदिशीच्या पहिल्या ओळीवर तुम्ही मला दीड वर्ष ठेवलं होतं, आणि मी विचारलं की तुम्ही हेच म्हणायचात. चार वर्षांत तुम्ही मला तीनदा क्लासातून काढलंत. पहिल्यांदा सर्दी असताना गायलो म्हणून, दुसऱ्यांदा सर्दी नसताना तसाच गायलो म्हणून, आणि तिसऱ्यांदा, पुढचा अंतरा द्या असं म्हणालो म्हणून. तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता. त्या हॉलमध्ये तुमचं वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा तो राग कुठे गेला कोण जाणे, आणि मला रडू आलं. (राजीव, हेही वाच.)

म्हाताऱ्यांनी विचारलं, कोणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या आत्यानं, सांगलीत. त्यांनी तुमच्या नावातलं एकेक अक्षर विचारून लिहून घेतलं. मग म्हणाले, पियानोशिवाय म्हणा. मी तीच ओळ म्हटली. त्यांनी डोळे मिटले होते. (झोपले असण्याची शक्यता मी नाकारत नाही.) बाहेर शुभा आणि सावनी गाडीत थांबल्या होत्या. सावनीनं विचारलं, "डिड यू फिनिश द साँग?" मी नाही म्हटलं. "लाइक, ॲट ऑल?" मी पुन्हा नाही म्हटलं. ती माझ्या हाताला धरून बसली, घर येईपर्यंत. गेल्या आठवड्यात त्यांचं उत्तर आलं. त्यात लिहिलं आहे की उमेदवाराला गाणं पूर्ण करता येत नाही, परंतु एका ओळीत राहायला त्याला कोणीतरी शिकवलेलं आहे, आणि तेवढ्यावर आम्ही त्याला घेऊ.

बाकी सर्व क्षेम. डोळ्याला जपावं. राजीवच्या मुलांना गोड पापा.

तुमचा आज्ञाधारक (तीनदा सोडून),
सुशांत

ता. क. 'जवळजवळ'बद्दल सांगायचं राहिलं. उमेदवारानं चार वर्षं नियमित संगीतशिक्षण घेतलं आहे असं मूळ शिक्षकाच्या हातचं पत्र त्यांना वीस ऑगस्टपर्यंत हवं आहे. ते आलं नाही तर माझी जागा दुसऱ्याला जाईल. ओहायोला मी कालच, इथली जागा पक्की व्हायच्या आधीच, नकार कळवला. (शुभाला आज सांगणार आहे. ती माझ्याशी बोलते आहे, असं वर लिहिलं ते सकाळपर्यंतचं समजावं.)

ता. क. दुसरा. तुम्ही खोटं लिहिणार नाही हे मला माहीत आहे, आणि लिहूही नका. नियमित शिकला असं लिहू नका. तीनदा काढला आणि दर वेळी जिन्याच्या पायऱ्यांवर बसून उरलेला क्लास ऐकत राहिला, एवढंच लिहा. तुम्हाला वाटायचं मी जेवायच्या हाकेची वाट बघत बसलोय. इतरांना शिकवताना अंतरा आला की तुम्ही उठून दार लावून घ्यायचात, म्हणून तेवढा एक मला आजही येत नाही.

ता. क. तिसरा. तुझ्या उत्तराची पोस्टानं वाट बघायला वेळ नाही. दोन ऑगस्टला मी सांगलीत येतोय. पत्र द्यायचं की नाही ते तू ठरव, मला बघितल्यावर दार लावलंस तरी चालेल, पायऱ्या माझ्या ओळखीच्या आहेत. मात्र या वेळी अंतरा घेतल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.