येळवशीआधी एक विरुळा

औसा,
कार्तिक वद्य अष्टमी

प्रिय जगदेवी,

तुझं पत्र पोचलं. लातूरचा वेगळा जिल्हा झाला म्हणून तुला लई आनंद झाला म्हणतेस. झाला खरा, बाई! आमचा पोरगा वीरण्णा तिथं नव्या कचेरीच्या बांधकामावर विटा वाहतो, अन् इथं मी टँकरमागं घागर घेऊन पळते. जिल्हा आला, पाऊस काही आला नाही.

तुझ्या दाजींनी अंथरूण धरलंय. दोन घोट पेज तेवढी जाते. डोळे उघडले की एकच विचारतात, विहिरीत विरुळा दिसला का? ह्यांनी स्वतः पहार घेऊन ती विहीर खोदली, पाणी लागलं अन् त्याच पावसाळ्यात तो साप कुठूनसा आला. तू पायरीवर त्याला बघून लुगडं सावरत पळालीस, तर हे पोट धरून हसले होते. विरुळा आहे तोवर झरा आहे, असं तेव्हापासून ह्यांच्या मनानं घेतलंय. त्यापायी वैशाखात तळाशी गुडघाभर पाणी उरलं, तेही कुणाला शेंदू दिलं नाही. घरात प्यायला थेंब नाही अन् पाणी सापाला! लई भांडले मी. मग मीच त्याला राखत बसले.

दिवाळीत ते डबकंही आटलं. विरुळा पायरीवर वाळून पडला होता. बांधाला पुरला अन् घरी येऊन सांगितलं, दिसला, चांगला बेडूक धरून बसलाय. त्या दिवशी ह्यांनी भाकरी मागून खाल्ली गं. तेव्हापासून रोज तेच सांगते.

आता म्हणतात, मार्गशीर्षाच्या अवसेला, येळवशीला, बाजेवर घालून शेतात न्या, मी त्याला बघीन. औंदा रानात पीकच नाही, अंबिल शिंपडायची ती कशावर, ढेकळांवर? पण वीरण्णा हो म्हणून बसलाय.

म्हणून लिहिते. इथून पार उदगीरपर्यंत विचारलं, सगळ्या विहिरी कोरड्या, विरुळा औषधालाही नाही. तुमच्या मुदखेडकडं कालव्याला पाणी आहे, तिथं असेल. तुम्ही त्याला दिवड म्हणता. पिवळसर अंग, त्यावर सोंगट्यांच्या पटासारखे काळे चौकोन, डोळ्याखाली काजळ ओघळावं तशा तिरप्या रेघा. धरला की मान चपटी करून भ्या दाखवतो, चावतोही, पण विष नाही. तुझ्या मालकांना एक धरून आणायला सांग. मडक्यात घालून वर ओलं फडकं बांधा. कंडक्टरनं विचारलं तर तूप आहे म्हणावं. कोरड्या विहिरीत तो जगायचा नाही, हे मला कळतं. टँकरची एक घागर रोज त्याला ओतीन. लातूरच्या डॉक्टरांनी हात टेकलेत, येळवस निघाली तर निघाली म्हणाले. विरुळ्यानं ह्यांच्यापेक्षा एक दिवस जास्त काढला, तरी बस्स.

तुझीच,
शिवाक्का