दुसऱ्या सीटचं वजन

बाबा,

विमान पूर्ण झालं आणि उडालंही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पुढचं काही ऐकायचे नाहीत. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. त्यातली बरीच वर्षं ते केनवडच्या वावरातल्या शेडात ताडपत्रीखालीच पडून होतं. मी सुट्टीत यायचे, ताडपत्रीचं टोक उचलायचे, पत्र्यावर तुमच्या बोटांचे ग्रीसचे ठसे दिसले की टोक सोडून द्यायचे. दुसऱ्यांच्या पोरांना विमान उडवायला शिकवून पोट भरणारी मी, आणि एका ताडपत्रीला भ्यायचे. आई म्हणायची, "काहून वं, साप हाय का तिथं?" साप असता तर बरं झालं असतं, काठी घेऊन गेले असते.

तो किट मीच तुमच्या गळ्यात मारला, हे मान्य. माझ्या फ्लाइंग क्लबातल्या एका हौशी माणसाने बाहेरदेशातून मागवलेला. सुटे भाग खोक्यांत येतात, विमान आपण घरी जोडायचं. त्याने दोन खोकी उघडली आणि त्याची हौस फिटली. मी ते सगळं ट्रकमध्ये घालून आणलं तेव्हा तुम्ही नुकतेच डेपोतून रिटायर झाला होता. जन्मभर बसगाड्यांच्या बॉडीला पत्रे ठोकलेला माणूस, घरी बसून हात शिवशिवत होते. आई म्हणाली, "आता हे कायचं भंगार आणलं?" तुम्ही मात्र पंखाचा पत्रा दोन बोटांत धरून वाकवून पाहिला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कोणाकडून तरी फसून आले आहे. "हा पत्रा हाय का पापड, पोरी?" मी म्हटलं, विमान म्हणजे पापडच असतो बाबा, हलका आहे म्हणून तर वर जातो. तुम्ही हसला नाहीत. पत्रा कानाशी धरून टिचकी मारली, परत मारली, आणि खोक्यात ठेवून दिला.

पण माझं मन अडकतं ते दुसऱ्याच एका दिवशी. आपलं स्वयंपाकघर. आई भाकरी थापते आहे, तुम्ही भिंतीला टेकून जेवता आहात, आणि मी किटचं पुस्तक मांडीवर घेऊन आकडे वाचून दाखवते आहे. रिकाम्या विमानाचं वजन दोनशे सत्तर किलो. माणसं, पेट्रोल, सगळं धरून साडेचारशेच्या वर जायचं नाही. इंजिन ऐंशी हॉर्सपॉवर, वेग ताशी दीडशे. शंभर मीटर धावलं की चाकं जमीन सोडतात. एखाद्या स्थळाची माहिती ऐकावी तसे तुम्ही एकेका आकड्याला मान डोलावता आहात. मग मी वाचलं, एकटाच माणूस बसलेला असेल तर वेग ताशी अठ्ठावन्नच्या खाली गेला की पंख धरणं सोडतात. तुमचा घास हातातच राहिला.

"सोडतात म्हंजे?"

"म्हणजे नाक खाली जातं. मग पुन्हा वेग आला की धरतात. रोज शिकवतो आम्ही, त्यात काही नाही."

"अन् तवा आत तू बसेल असते?"

"मग कोण बसणार? मीच."

तुम्ही ताटात हात धुतला. आई माझ्यावरच उखडली, "जेवता माणसाले असं कायले सांगतं वं तू? तोंडाले काही लगाम?" मला तेव्हा गंमत वाटली होती. बाप घाबरला, असं मी क्लबात जाऊन हसत हसत सांगितलं सुद्धा.

त्या दिवसापासून तुम्ही पुस्तकाशी भांडायला लागलात. इथं एवढाच बोल्ट? इथं एकच रिव्हेट? डेपोत तुमचा शिरस्ताच होता, रस्ता खराब असेल त्या गाडीला एक पट्टी जास्त मारायची. तुमच्या हाताखालून गेलेली बस खड्ड्यात कितीही आपटली तरी सांध्यात खुळखुळत नसे, हे सगळा तालुका सांगायचा. मी कितीदा बजावलं, बाबा, इथं पुस्तकाबाहेर काहीएक करू नका. "पुस्तक लिवणाऱ्यानं केनवडचा रस्ता पाह्यला काय?" मी म्हटलं, विमान रस्त्याने जात नाही. "उतरते तं खालीच ना?" मला हसू आलं आणि मी निघून गेले. कामावर होते, सणावारी यायचे. दर वेळी विमान थोडं अजून झालेलं असायचं. एकदा आले तर पोटाखालचा पत्रा बंद झालेला. तुम्ही मला उचलून आत बसवावं तसं हाताला धरून डाव्या सीटवर बसवलंत आणि बाजूच्या पत्र्यावर थाप मारलीत. "घे. आता हत्ती जरी बसला तरी हालत नाही." पुढच्या खेपेला यायच्या आधीच तुमच्या छातीत कळ आली. वाशीमच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. माझ्या हाती फक्त तुमचे गार पाय आले.

तीन वर्षांपूर्वी मी एकदाची ताडपत्री ओढून काढली. इंजिन बसवलं, तारा ओढल्या, शेजारच्या जिल्ह्यातल्या धावपट्टीवर विमान नेलं. तिथं तीन चाकांखाली तीन काटे लावून वजन केलं. तीनशे अठ्ठावीस किलो. मी म्हटलं, काटे खराब आहेत. दुसरे आणले. तेच. तपासणीला आलेले इंजिनिअर दोनदा विमानाला फेरी मारून माझ्यापाशी आले. "मॅडम, एक अख्खा माणूस जास्त भरून राह्यला याच्यात. एकटीनं उडवा. बाजूची सीट रिकामीच ठेवा लागंल." पुस्तकापेक्षा अठ्ठावन्न किलो जास्त. तुम्ही साठाच्या आतबाहेरच होता ना? ही बेरीज मी तिथेच उन्हात उभी राहून मनात केली.

पहिलं उड्डाण. आईने घरी मेणबत्ती लावून बुद्धवंदना घेतली होती. मैदानावरचा एक जण लिंबू-मिरची घेऊन आला तर तुमच्याच सुरात मी त्याला विचारलं, लिंबानं उडते का ते? मोठा आव आणला होता, पण खरं सांगू, सीटचा पट्टा दोनदा सोडून दोनदा बांधला. शंभर मीटर गेले, चाकं जमिनीवरच. दीडशे गेले, तरी जमिनीवरच. मग कुठे जड माणूस खाटेवरून उठावा तसं उठलं. वर गेल्यावर मी वेग कमी करत पंख कधी सोडतात ते पाहिलं. अठ्ठावन्नला सोडायचे, ते बासष्टलाच सोडले. एकटी बसलेली मी, आणि सगळे आकडे दोन माणसांचे. चढणं दोघांचं, धावणं दोघांचं, उतरताना चाकं टेकतात तीही दोघांच्या वजनाने. वर्षभर हेच. त्यात उजव्या सीटचा हेडफोन मी काढून ठेवला नव्हता. त्याचा माइक कोणी बोललं की आपोआप उघडतो, एरवी बंद असतो. वाऱ्याची झुळूक खिडकीच्या फटीतून आली की तो उघडायचा आणि माझ्या कानात नुसता श्वास यायचा. बोलायच्या आधी माणूस घेतो ना, तसा. मग बंद. मी दर वेळी उजवीकडे बघायचे. वारा आहे हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी मान वळायचीच. एकदा तर मी बोललेच, "बोला ना बाबा, काय म्हणता?" आणि नंतर खाली उतरेपर्यंत रडत होते. तार उपसून टाकणं एका मिनिटाचं काम, पण हात गेला नाही.

हे असंच चाललं असतं. पण या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की आईला काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांची नजर कडेकडेने चालली आहे, गेलेली परत येत नाही, आहे ती किती टिकेल सांगता येत नाही. घरी आल्यावर पदराने चष्मा पुसत म्हणाली, "मले तुह्या त्या इमानात बसव. आपलं वावर वरून पाहाचं हाय. खाली वाकून पाहू पाहू जल्म गेला." मी म्हटलं, आई, बसवता येत नाही, वजन जास्त भरतं. तुझ्यासकट जेमतेम दहा लिटर पेट्रोल मावेल, तेवढ्यात आपण वावरापर्यंतही पोचणार नाही. "कायचं वजन?" हे वजन आहे कुठे, हे मी दोन वर्षांत एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

मग उघडलं. सीटा काढल्या, खालचा पत्रा काढला, बॅटरी मारली. आणि बाबा, काय म्हणावं तुम्हाला! पट्टीवर पट्टी. आडवी, उभी, तिरपी. बसच्या सीटखाली असतो तो लोखंडी अँगल, तोही. किटच्या त्याच भोकांतून लांब रिव्हेट घालून बसवलेलं सगळं, इतकं सफाईने की दुरून पाहणाऱ्याला कंपनीचंच काम वाटावं. उजव्या सीटखाली थोडंसंच. खरी भर डाव्या सीटला, माझ्या. माझ्या पाठीमागे, पायांखाली, बाजूच्या दाराशी. माझ्याभोवती तुम्ही एक बसगाडीच बांधली होती. मी तिथेच जमिनीवर बसून बोंब ठोकली म्हणा ना. राग आला, तुमचा आला, फार आला. पंख सोडतील या भीतीने तुम्ही पट्ट्या मारत गेलात आणि त्या पट्ट्यांच्या वजनानेच पंख लवकर सोडायला लागले. अति तिथे माती म्हणतात ते खोटं नाही. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की आयुष्यात मला कोणी इतकं घट्ट धरलं नव्हतं.

इंजिनिअर म्हणाले, काढता येईल, रिव्हेट कापा आणि त्याच भोकांत पुस्तकातले बसवा. मी ड्रिल हातात घेऊन बसले, पण चालवेना. शेवटी आईला सगळं सांगितलं. म्हटलं, बाबाच आहेत गं आत, त्यांना कसं काढू? वाटलं, ती डोळ्याला पदर लावेल आणि म्हणेल, राहू दे. ती माझ्याकडे बघत राहिली, त्या अरुंद झालेल्या नजरेने, मान इकडून तिकडे हलवत, पूर्ण दिसावी म्हणून.

"काढ त्याले बाहेर," म्हणाली. "यष्टीत जल्मभर खिडकीजवळची शीट तुह्या बापाचीच व्हती. लय बसला. आता मले बसू दे."

मी काढलं. दिवसचे दिवस रिव्हेट कापत होते. आई शेजारी खुर्ची टाकून बसायची आणि प्रत्येक पट्टी पडली की आवाजावरून विचारायची, "निंघाला का?" ढीग झाला तेव्हा हात फिरवून पाहिला तिने, आणि हलकेच म्हणाली, "लय भेला व्हता वं माणूस." तेवढंच. मग भाकरी टाकायला उठली.

काल तिला नेलं. सीटच्या अगदी कडेला अंग चोरून बसली होती, अजून एका माणसाला जागा ठेवल्यासारखी. मी म्हटलं, नीट टेकून बस. मग बसली. चाकं नेहमीच्याच जागी सुटली. आकडे दोन माणसांचेच, पण या खेपेला माणसंही दोन. वावर आलं तेव्हा मी तिच्या बाजूला पंख झुकवला. ती काचेला नाक लावून बराच वेळ पाहत होती. तूर ओळखली, आपली विहीर ओळखली. शेड दिसल्यावर काचेवर बोट टेकवलं. परतीला तिचा माइक उघडला, आधी श्वास आला, आणि मी दचकले.

"सप्पाच काढला ना त्याले?" तिने विचारलं.

मी म्हटलं, हो, सगळं.

बाबा, माझ्या पाठीमागची एक पट्टी मी ठेवली आहे. चार किलो भरते. इंजिनिअरना माहीत आहे, कागदावरच्या वजनात धरली आहे. त्या पट्टीपायी मी टाकीत पाच-सहा लिटर पेट्रोल कमी घालते. आईला सांगितलेलं नाही.