दुपारच्या गोष्टी आणि मामांची वाट

जळगाव,
२० नोव्हेंबर २०२५

ती. नाना यांस,
रत्नाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तू कानाचं यंत्र लावत नाहीस आणि फोनवर मी ओरडले की शेजारच्या बाई काय झालं म्हणून धावत येतात, तेव्हा आपलं पत्रच बरं. वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना जिना चढू देऊ नकोस.

मी मात्र मोठ्या कोड्यात पडले आहे. तुला माहीत आहेच, जूनपासून आम्ही चार-पाच जणी कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या वस्तीतल्या महापालिकेच्या शाळेत मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जातो. घरात पुस्तक नाही अशी ही मुलं. माझ्याकडे तिसरीचा वर्ग, बुधवारी जेवणाची सुट्टी झाली की. इतके दिवस मी पुस्तक उघडलं की मुलं सरकत सरकत माझ्या पायांशी यायची. काल मी चष्मा हरवलेल्या घुबडाची गोष्ट काढली आणि पहिल्याच ओळीला तहरीम नावाच्या मुलीने दोन्ही कानांत बोटं घातली. मग तिच्या शेजारणीने घातली. पान उलटेपर्यंत अर्धा वर्ग कानांत बोटं घालून माझ्याकडे बघत होता. चेष्टा नव्हती रे, चेहरे अगदी गंभीर. एक-दोघांनी तर डोळेही मिटले.

मी पुस्तक मिटलं, तशी बोटं निघाली. कविता म्हणू का विचारलं, तर हो. हत्तीची माहिती सांगू का, तर हो. गोष्ट म्हटलं की पुन्हा बोटं कानांत! तहरीमला जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाली, मॅडम, गोष्ट सोडून काहीपण सांगा. आणि जाताना याच मुलांनी माझ्या पिशवीत बोरं भरली. म्हणजे राग माझ्यावर नाही.

रात्रभर विचार केला. माझं मराठी अजून कॉन्व्हेंटचं वाटतं का? नव्या कवळीमुळे शिट्टी वाजते का? आमच्या सिस्टर पिंपळाखाली भर उन्हात वाचायच्या आणि आम्ही श्वास रोखून ऐकायचो. कानात बोट घातलं असतं तर हातावर पट्टी बसली असती. तू आयुष्यभर बसस्टँडवर माणसं बघितलीस, तुला काही उमगतं का?

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, फक्त उत्तर लवकर धाड.

तुझी,
रत्ना

धुळे,
२५ नोव्हेंबर २०२५

चि. रत्नास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून मी एवढा हसलो की तुझी वहिनी गुडघा विसरून बाहेर आली. अगं शिकलेले बाई, तुला आत्याकडे नाशकात ठेवून आबांनी तुझं बालपण वाया घालवलं. कवळीचा काही दोष नाही.

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो! हे खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमची काकू दिवेलागणीआधी तोंड उघडायची नाही. आम्ही मागे लागलो तर म्हणायची, आत्ते नको, रातले सांगसू, नही ते मामा वाट चुकस. खरं कारण आता कळतं. दिवसभर तिच्यामागे रानातलं काम असायचं, गोष्टी सांगत बसली तर निंदणी कोण करणार? पण आम्ही मामाच्या धाकाने गप्प बसायचो, कारण मामा खाऊ आणायचा.

आता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तेजस लहान असताना तू त्याला दुपारी झोपवताना इंग्रजी पुस्तकातल्या गोष्टी वाचायचीस ना? म्हणूनच त्याच्या मुंजीला तू घास भरवून झाल्यावर मी पोचलो. आजपर्यंत तू मला बोल लावलास, तो परत घे.

पण एक आहे. मुलं जूनपासून ऐकत होती आणि आत्ताच का बिचकली? त्या पोरीचा मामा वाटेवर असणार. चौकशी कर.

वहिनीचा आशीर्वाद आहे आणि बोरं एकटीने खाऊ नयेत असा निरोपही.

तुझा,
नाना

जळगाव,
४ डिसेंबर २०२५

ती. नाना यांस,
सा. न. वि. वि.

मुंजीचे बोल परत घेते. बाकी तू म्हणालास ते इतकं खरं निघालं की मला हसू येईना.

तहरीमच्या घरी गेले होते. आई-वडील नाहीत, नानी हुस्नबानो गोधड्या शिवून देतात. पोरीचा सगळा जीव शेहजादमामावर. तो सुरतेला कापडाच्या मागावर होता. दिवाळीनंतर तिथलं काम बंद पडलं, तसा तो घरी निघाला. गेल्या महिन्यात बारा तारखेला दुपारी त्याचा फोन आला की गाडी दोंडाईच्याला उभी आहे, चहा घेतो, संध्याकाळी पोचतो. त्यानंतर फोन बंद. माणूस नाही, निरोप नाही. पोलिसांत सांगून झालं, नानींचा पुतण्या सुरतेला जाऊन शोधून आला. नानी म्हणाल्या, बाई, मी त्याला वाट चुकायचं वय उरलंय का म्हणून रागावते, आणि रात्री कडी न लावता झोपते.

नाना, बारा तारीख म्हणजे बुधवार. तो फोन आला तेव्हा मी वर्गात वाचत होते. पोरीने मनातल्या मनात हिशेब जुळवला आणि फक्त मैत्रिणींना सांगितला. वस्तीत ज्याचा त्याचा मामा कुठेतरी लांबच असतो, कुणाचा ऊसतोडीला, कुणाचा पुण्याला. मग बोटं कानांत जाणारच.

काल मी समजावलं की असं काही नसतं. सगळ्यांनी शहाण्यासारखं ऐकून घेतलं, मी पुस्तक उचललं आणि सगळ्यांनी शहाण्यासारखी बोटं घातली. त्यांच्या बाईंनी, सुमनबाईंनी, खिडक्या लावून अंधार केला, झाली रात्र म्हणून. तर एक चिमुरडी म्हणाली, बाई, बाहेर ऊन आहे हे मामाला दिसतंच की! आणि मुख्याध्यापक म्हणतात, मुलं ऐकतच नसतील तर हा तास गणिताला देऊ. वर्षाअखेरपर्यंत बघणार आहेत.

मला हे खोटं आहे हे पक्कं माहीत आहे. तरी काल पुस्तक मिटताना मला जरा हलकं वाटलं. मग मी नेमकं काय मानते? माझं मलाच कळेनासं झालंय.

तुझ्या सल्ल्याची वाट बघते. मायेत खंड पडू देऊ नकोस.

तुझी,
रत्ना

धुळे,
९ डिसेंबर २०२५

चि. रत्नास,
अ. उ. आ. वि. वि.

सल्ला नाही, मीच येतो. मी मामा आहे, तोही तेजससारख्या द्वाड भाच्याचा. सतरा तारखेला बुधवारी मी इथून निघेन. तू मुलांना सांग, एक मामा धुळ्याहून निघालाय, आणि सगळ्यांसमोर भर दुपारी बेधडक गोष्ट वाच. गोष्ट संपायच्या आत मी दारात उभा राहीन. मग बघू कोणाची वाट कोण चुकवतो.

आयुष्यभर धुळे स्टँडवर मी लोकांना कोणती गाडी कुठे लागली ते सांगितलं. पारोळा, एरंडोल, वाटेतला प्रत्येक गतिरोधक मला ओळखतो. शाळा पाण्याच्या टाकीमागे आहे असं तू मागे लिहिलं होतंस, तेवढं मला पुरे.

पोरीला म्हणावं, एक कान उघडा ठेव.

बाकी भेटीत. आशीर्वाद सोबत घेऊनच येतो.

तुझा,
नाना

जळगाव,
२५ डिसेंबर २०२५

ती. नाना यांस,
सा. न. वि. वि.

आज नाताळ. सिस्टर आम्हाला मनुकांचा केक द्यायच्या, त्याचा वास सकाळपासून नाकात आहे. तुला त्या दिवशी ऊन लागलं होतं, आता बरा आहेस ना?

तू लगेच निघून गेलास, त्यामुळे सगळं सांगायचं राहिलं. त्या बुधवारी तुझ्या नावाचा वर्गात केवढा बोलबाला! खिडकीत पहारा बसला. मी गोष्ट सुरू केली, पण लक्ष कुणाचं गोष्टीत? माझंही नव्हतं. घुबडाचा चष्मा सापडला, गोष्ट संपली, आणि दारात कोणी नाही. मी शेवटचं पान दोनदा वाचलं, चित्रं दाखवली, चित्रातले पक्षी मोजायला लावले. तरी तू नाहीस. तहरीम रडली नाही. तिने दप्तर आवरून मांडीवर घेतलं आणि मान खाली घातली. नाना, त्या वेळी मला तुझा इतका राग आला!

आणि तू शाळा सुटता सुटता केळ्यांची फणी घेऊन उगवलास. जळगावात पाण्याची टाकी एकच असते असं तुला का वाटावं? दुसऱ्या टाकीमागच्या शाळेत जाऊन तू तिथल्या शिपायाशी भांडलास, आणि तो काय म्हणतोय ते तुला ऐकू येईना! मला वाटलं, संपलं सगळं. जे खोटं पाडायला आलास तेच खरं करून बसलास.

पण तुला आठवतं ना, ती तुझ्यासमोर येऊन उभी राहिली? तिने विचारलं, वाट चुकलात का. तुला ऐकू गेलं नाही. तिने ओरडून विचारलं. तू कान पकडून म्हणालास, साफ चुकलो गं माय. मग आलात कसे, तर विचारत विचारत. तू केळी वाटत होतास तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, मॅडम, मामा वाट चुकतो असं म्हणतात, पण येत नाही असं कुणी म्हणत नाही ना?

मी नुसती मान हलवली.

काल तिने एकाच कानात बोट घातलं. दुसरा उघडा होता. बाकीच्या मुलांनी तिच्याकडे बघून एकेक बोट काढलं. मुख्याध्यापक दारातून डोकावून गेले, गणिताचं काही बोलले नाहीत. सुमनबाई खूश आहेत. मी मात्र काल रात्रीपासून बेचैन आहे. शेहजाद आलाच नाही तर? आपण दोघा म्हाताऱ्यांनी मिळून त्या पोरीला खोटी आशा तर नाही ना लावली? आधी ती निदान सावध होती.

काय ते मोकळेपणाने लिही. रागावलास तरी चालेल, पण अंतर देऊ नकोस.

तुझी,
रत्ना

धुळे,
३ जानेवारी २०२६

चि. रत्नास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला बसवेना. सगळे सुरतेला शोधत होते, म्हणून मी दोंडाईच्याची गाडी धरली. स्टेशनासमोर आपल्या जुन्या ओळखीचा तोताराम चहा विकतो. त्याला विचारलं, तर म्हणाला, हो, एकजण माझा ग्लास हातात घेऊन सुटलेल्या गाडीमागे पळाला होता. सामान आणि फोन दोन्ही गाडीत गेलं. ग्लास मात्र इमानदारीने परत आणून दिला. सध्या मिरची वाळवतात त्या पथारीवर कामाला असतो.

पथारीवर गेलो. जिकडेतिकडे लाल मिरची वाळत घातलेली, मी शिंकून शिंकून बेजार. त्यात तो दिसला, कोपरापर्यंत लाल. चांगला मुलगा आहे गं, पण लाजेने आडमुठा झालेला. काम गेलं, त्यात पोरीसाठी घेतलेला फ्रॉकही गाडीबरोबर गेला. रिकाम्या हातांनी कसं जावं, चार दिवस कमावून जातो, असं म्हणत म्हणत दिवस गेले. आणि जेवढे दिवस जास्त, तेवढी लाज जास्त. आता काय तोंड दाखवू म्हणाला.

मी त्याला रागावलो नाही. तुझी भाची तुझ्यापायी कानात बोट घालून बसते, एवढंच सांगितलं. त्याच्या हातातलं फावडं थांबलं. मग तो काहीतरी पुटपुटला, मला ऐकू आलं नाही. पुन्हा बोलला, तरी नाही. शेवटी ओरडला की येतो, या आठवड्याचा माल आवरला की जातो! सगळ्या पथारीने ऐकलं, आता माघार घेता यायची नाही. बहिरेपणाचा असा उपयोग मला पहिल्यांदाच कळला.

पोरीला आणि नानीला तो स्वतः सांगेल, मला तशी शपथ घातली आहे. तूही बोलू नकोस. त्याच्या मनाचा भरवसा मीही शंभर टक्के देत नाही.

तुझा,
नाना

जळगाव,
८ जानेवारी २०२६

ती. नाना यांस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मला काल संध्याकाळी, शाळेतून घरी आल्यावर मिळालं. तेव्हा काल दुपारी माझी काय अवस्था झाली असेल, विचार कर.

मी उंटाची नवी गोष्ट काढली होती. तहरीम पहिल्या ओळीत, एका कानात बोट. गोष्ट अर्ध्यावर आली आणि दारात एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला. हात लाल, चप्पल लाल. पुढची पोरं शिंकायला लागली. मला वाटलं, पत्र्याला लाल रंग द्यायला कोणी आलाय. थांबा म्हणावं म्हणून तोंड उघडलं तर मलाच शिंक आली.

तहरीमने वळून पाहिलं. ती ओरडेल, पळेल, असं काहीच झालं नाही. तिने कानातलं बोट काढलं आणि त्याच हाताने त्याला खूण केली, बस. तो उंबऱ्यातच बसला. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, मॅडम, पुढे.

मला काही समजेना. हा कोण, मी थांबू की वाचू, सुमनबाई मागे डोळ्यांना पदर का लावतायत? मी वाचत राहिले. एकच पान दोनदा वाचलं असं नंतर कळलं. कोणी मला अडवलं नाही. एकाही मुलाचं बोट कानात नव्हतं.

गोष्ट संपल्यावरच ती उठली. त्याच्यासमोर जाऊन कमरेवर हात ठेवून विचारलं, मामू, वाट चुकला होतास ना? तो हो म्हणाला. विचारायचं की कुणाला, असं म्हणून तिने त्याला एक चापट मारली, आणि मग जी त्याच्या गळ्यात पडली ती नाकात मिरची जाऊन दोघंही शिंकेपर्यंत. दोघं हात धरून घराकडे गेली. हुस्नबानोंच्या दारात काय झालं ते मी पाहिलं नाही, ते त्यांचं त्यांच्यापाशी.

घरी आले, तुझं पत्र फोडलं आणि मग एकटीच बसून हसले की रडले, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

तेजस पुढच्या आठवड्यात येतोय, मामा कधी येणार म्हणून विचारत होता. वहिनींना घेऊन ये. आमच्या लोभाला तोटा नाही. फक्त बुधवारी येणार असलास तर सकाळी लवकर निघ. दुपारी मी गोष्ट वाचणार आहे.

तुझी,
रत्ना