बाल्कनीतल्या दोघी

४ मार्च
आजपासून बाल्कनी माझी राहिली नाही. माझी खुर्ची, माझी वर्तमानपत्रं, माझी सकाळ — सगळं आत. बाहेर दोन मोठ्या झाकणबंद बरण्या. त्यांत सांडपाणी केंद्रातून आणलेला काळा गाळ. वासाचं कारण सांगून कॉलेजने बायकोचा प्रयोग हाकलला, आणि घराला नाक नसतं असं ती धरून चाललीय.

५ मार्च
तिने प्रयोग समजावून सांगितला. दोनदा. दुसऱ्यांदा जरा जोरात. गाळातले जंतू आपलं खरकटं खातात आणि मिथेन सोडतात — शेगडीला चालेल असा गॅस. एका बरणीत दोन काळ्या कांड्या सोडल्यात, त्यांतून अगदी बारीक वीज. विजेमुळे जंतू जास्त गॅस देतील, असं तिचं म्हणणं. दुसरी बरणी साधी, तुलनेपुरती. दोघींना रोज सारखाच, वजन करून, भाजीच्या देठांचा लगदा. फरक दिसला तर वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पीएचडी. नाही दिसला तर नोंदणी रद्द — मुदत यंदा संपतेय.
आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, या जंतूंनी असं काय केलंय की त्यांना शॉक द्यायचा?

१२ मार्च
शॉकवाली पुढे आहे. बायको कॉलेजातून आली की पर्स खांद्यालाच, आणि थेट तिच्याकडे. तिचं तापमान, तिचा गॅस, तिच्या कांड्या. साधीचीही नोंद घेते, पण चेहऱ्यावर काही न आणता. माझ्याशी बोलते तशी.
लग्नाला इतकी वर्षं झाली की माणूस साध्या बरणीच्या बाजूने विचार करायला लागतो.

१५ मार्च
दुपारी बायको कॉलेजात, आई आडवी झालेली. साधीला वाटीभर भात दिला. साखर घालून, पाण्यात कालवून. नळीचा चिमटा काढायचा, नरसाळं लावायचं, ओतायचं, चिमटा परत. थोड्याच वेळात बुडबुडे! वर्तमानपत्रातल्या माझ्या सदराला इतका झटपट प्रतिसाद आजवर आलेला नाही.

१९ मार्च
रोज देतोय. बाळसं धरलंय.

२३ मार्च
दोन्ही बरण्यांचा गॅस वाढलाय. साधीचा वाढला, शॉकवालीचाही वाढला, फरक शून्य. फरकच नसेल तर प्रबंध कशावर लिहिणार, असं गाइड सर फोनवर म्हणाले. बायको जेवली नाही. साधीतही काही गुण असतील, असं मी म्हणून बघितलं. तिने अशी नजर टाकली की मी उगाचच पाणी प्यायलो.
आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. मला वाटत होतं मी लाड करतोय. मी तुलनेची वाट लावत होतो! उद्यापासून भात बंद. हिला सांगायचं? नको. बंद केला की साधी आपोआप ताळ्यावर येईल.

२६ मार्च
ताळ्यावर कसली येतेय. साधी आंबली. गॅस बंद. आम्ल साठलं की मिथेन करणारे जंतू तग धरत नाहीत, म्हणे. म्हणजे पित्तच की! मला निदान गोळी तरी मिळते.
शॉकवाली मात्र ठणठणीत. बायको चक्क गुणगुणतेय. "बघितलंत? साधी बसली आणि ही टिकली. कांड्यांनी तारलं हिला." सर परवा हे बघायला घरी येणार. तिने पडदे धुवायला काढलेत.

२७ मार्च
ते पडदे बघवेनात. सांगून टाकलं.
"काय घालत होता?"
"भात. साखर घालून."
"का?"
"बिचारी वाटली."
आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने वही मिटली. मग अगदी हळू म्हणाली, "एकीला ज्यादा खाऊ घातलंत, ती आजारी पडली. यात विजेने काय केलं, सांगा ना."
सकाळी ती सरांना फोन करून येऊ नका म्हणणार आहे. पडदे ओलेच आहेत, दांडीवर.

२८ मार्च
बायकोने फोन हातात घेतला, तेव्हा आई चहा पीत होती. काय बिनसलंय ते मी आईला सांगितलं. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, हा दुपारी साधीला भात घालायचा ते मी पडल्या पडल्या बघत होते. हा आत वळला की मी तेवढाच त्या शॉकवालीला घालायचे. साखरेसकट. याने थांबवलं, मीही थांबवलं.
"एकीला घालायचं आणि एकीला नाही, असं आपल्या घरात कधी झालं नाही."
बायकोने फोन ठेवला. वही उघडली.
"आई, वाटी कुठली घ्यायचात?"