तिथं करमेल का

६ मार्च, रविवार
आज नळ आला. हंडे, पातेली, चहाचे कपसुद्धा भरून ठेवले. तरी पुरणार नाही. म्हणून गोलाईच्या बाजारातून एक घागर आणली. दुकानदार लिंगायत, साठीच्या आसपास, कपाळावर भस्माचे पट्टे आणि तोंड सतत चालू. नाव मन्मथअप्पा. "नाव घालून देऊ का बाई?" म्हणून मशीन काढलं. मी भांड्यांवर नेहमी ह्यांचंच नाव घालते. हे जाऊन चौदा वर्षं झाली, पण आमच्या घरातल्या चमच्यांवरही हेच. आज विचारलं आणि तोंडातून माझंच निघालं, सुमन. तो कोरायला लागला. मी थांबवू शकले असते.
घरी येऊन घागर नावाची बाजू भिंतीकडे करून ठेवली. बघायला येतंय कोण? मीच.

१५ मार्च
कचेरीत खुर्च्यांची मारामारी. जिल्हा होऊन वर्ष नाही झालं, उस्मानाबादेहून फायली ट्रकने येतायत आणि ठेवायला कपाटं नाहीत. शिक्षण खात्याच्या अर्ध्या फायली खिडकीत. वारा सुटला की आम्ही सगळे मास्तरांच्या बदल्या पकडत पळतो. हसून हसून पोट दुखलं.
नांदेडला सासरच्या लोकांना वाटतं मी बढतीसाठी इथं एकटी कुढत पडलेय. त्यांना तसंच वाटू दे. मला लातूर आवडतं. हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथं लिहिते.

२२ मार्च
येताना म.च्या दुकानावर थांबले (मन्मथअप्पा लिहायला लांब पडतं). घागर गळते का विचारायला तो बोलावत होता. घागर गळत नव्हती, तरी थांबले. दुष्काळात ह्याचा धंदा जोरात, प्लास्टिकच्या टाक्या संपल्या. त्याची त्याला लाज वाटते. "लोकांचे हाल होऊन राहिले आन् मी विकून राहिलो," म्हणाला.
बायको गंगाबाई जाऊन सहा वर्षं. मुलगी देगलूरला दिलीय. मी म्हटलं, तुमच्यात म्हणे बसवून पुरतात, पाय अवघडत नसतील का? लोक रागावतात असल्या प्रश्नाला. हा खूश झाला. म्हणे, दुकानदाराला काय, जन्मभर बसूनच असतो, पुढंही बसू. मग सांगितलं की त्यांच्यात माणूस गेला की लिंगैक्य होतो. शिवात मिसळतो. वर-खाली कुठं जायचं काम नाही, श्राद्ध नाही, कावळा नाही.
मी म्हटलं, आमच्यात कावळा आहे. आणि वर वाट बघणारा नवरासुद्धा आहे.

२ एप्रिल
ती वाट बघण्याची गोष्ट सासूबाईंची. हे गेले त्या आठवड्यात मी भिंतीला टेकून बसले होते. सासूबाई जवळ आल्या, डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, तो वर तुझी वाट बघतोय, तू तुझं नीट पार पाड. तेव्हापासून मी तेच करत आले. नोकरी केली, मुलीला मोठं केलं, दिराच्या मुलांचे अभ्यास घेतले, उपास केले, वर्षातून एकदा तिथीला नांदेडला. आपण रजेवर आहोत आणि खरी हजेरी पुढं लागायची आहे, असं काहीतरी.
आज प्रथमच मनात आलं की बरं, गाठ पडली. पुढे? पहिल्या दिवशी खूप बोलू. दुसऱ्या दिवशी त्यांच्यामागे काय काय झालं ते सांगीन. महिनाभर पुरेल. मग? तिथं पेपर येत नाही. स्वयंपाक नाही, म्हणजे मीठ कमी पडलं हेही बोलता येणार नाही. हजार वर्षं झाली तरी पुढं तितकीच शिल्लक.
घाबरले जराशी. मग हसू आलं.

१४ एप्रिल, पाडवा
म. कडुनिंबाची चटणी घेऊन घरी आला. दारातच उभा. म्हणाला, "बाई, आमच्यात बाईमाणसाचं दुसरं लग्न पहिल्यापासून चालतं. तुमच्यात न्हाई हे मला म्हाईत हाय. तरी विचारून राहिलो."
हातात वाटी घेऊन मी उभी. कडू की गोड काही कळलं नाही.
नंतर जे बोलले त्याची आता लाज वाटते. कुणी नाही म्हणताना काय म्हणतं, मुलगी काय म्हणेल, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, वर गेल्यावर ह्यांना काय सांगू? आणि तुमच्या गंगाबाई तिथं बसलेल्या असतील, त्यांना काय सांगाल? तो म्हणाला, गंगा शिवात मिसळली, साखर दुधात मिसळावी तशी, आता कोण कुणाला विचारणार. मी विचारलं, मग तुम्हीही मिसळणार. मला तुमचा काय उपयोग? आणि असं कायमचं मिसळून कंटाळा नाही का यायचा? तिथीनंतर सांगते म्हटलं. माझ्या हातातली वाटी तशीच परत घेऊन गेला.

२४ एप्रिल, रविवार
दहा दिवस त्या रस्त्यानं गेले नाही. आज गेले. एकदम वादच सुरू केला त्यानं, दहा दिवस साठवून ठेवला होता वाटतं. म्हणतो, बाई, मिसळण्यात कंटाळा न्हाई, कारण कंटाळणारा कोणी उरतच न्हाई. मी म्हटलं, मग सुखावणाराही उरत नाही. "हाव," म्हणाला, "तेवढी अडचण हाय." गिऱ्हाईक परात वाजवून बघत होतं, तेही वाजवायचं थांबलं.
ह्यांच्याशी असा वाद कधी झाला नाही. ह्यांना वेळच नसायचा. हे लिहून बरं वाटत नाही, पण खरं आहे.

३ मे, मंगळवार. नांदेड, संध्याकाळ
लिहायला हात शिवशिवतायत. जाऊबाई बोलत नाहीत, त्यामुळे सवड आहे.
आज ह्यांची तिथी. पहाटेच्या बसला गेले तर म. आधीच खिडकीजवळ. मुलीकडं निघालोय, नांदेडहून पुढं देगलूर, निव्वळ योगायोग, म्हणे. योगायोगाच्या मांडीवर दोन माणसांचा डबा होता.
अहमदपूरच्या अलीकडे बसमधून वाफ. रेडिएटर कोरडा. ड्रायव्हर कॅन घेऊन शिवारातल्या गावात गेला आणि रिकामा आला. विहिरीवर बायका रांगेत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, आधी माणसं, मग जनावरं, मग तुमची गाडी. त्यात त्यांचं काय चुकलं? कंडक्टरनं आमच्या तांब्या-बाटल्यांकडे बघितलं. सगळ्यांनी त्या मांडीखाली घेतल्या. पुढची बस दुपारनंतर. तिच्यात जागा असली तर.
मी रस्त्यात येरझाऱ्या घातल्या. नांदेडला भटजी येऊन बसले असतील, पिंड मांडले असतील. चौदा वर्षांत एकदा चुकले नाही. माध्यान्ह झाली तेव्हा रडूच आलं. म.नं उपरणं पुढं केलं, समजूत घातली नाही. बरं केलं.
मग कडुलिंबाखाली बसलो. करण्यासारखं काही नाही, जाण्यासारखं कुठं नाही. एक म्हैस आमच्याकडे बघत होती, आम्ही तिच्याकडे. त्याने डबा उघडला, धपाटे आणि दही. आणि कांदा. श्राद्धाच्या दिवशी मी कांदा खाल्ला. दोनदा घेतला.
काय बोललो आठवत नाही धड. लहानपणी मी गोदावरीत चप्पल सोडली आणि दुसरीही मागून सोडली, पहिलीला सोबत म्हणून, ते सांगितलं. त्यानं भावाशी एका तागडीवरून सात वर्षं अबोला धरला, ते सांगितलं. मध्ये तोही डुलक्या घेत होता, मीही. जाग आली तर म्हैस तिथंच.
तेव्हा डोक्यात आलं की हेच ते. न संपणारा वेळ, काम नाही, पेपर नाही, समोर एकच माणूस. मला कंटाळा आला नव्हता.
त्याच्याही मनात तेच असावं. म्हणाला, "बघा बाई. करमलं का न्हाई?"
मी म्हटलं, करमलं. पण गाडी येणार होती म्हणून करमलं असेल.
"आन् आलीच नसती तर?"
तेवढ्यात लांब धूळ दिसली. लोक उठून हात करायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मला बस आल्याचा राग आला.

४ मे. नांदेड
दिरांनी काल वेळेवर सगळं उरकलं होतं. माझ्यावाचून काही अडलं नाही. कावळा लगेच शिवला, असं जाऊबाईंनी तीनदा ऐकवलं.
दुपारी सासूबाई मागच्या ओसरीवर गहू पाखडत होत्या. वय झालं, तरी कुणाच्या हाती सूप देत नाहीत. त्यांच्याशेजारी बसून खडे वेचता वेचता सगळं सांगितलं. म., पाडवा, लिंबाचं झाड. कांदासुद्धा. त्या पाखडत राहिल्या. मी म्हटलं, ते तिकडं वाट बघतायत आणि मी इकडं असं मनात आणते, कोणत्या तोंडानं जाऊ?
सूप खाली ठेवलं.
"वाट? त्यानं?" म्हणाल्या. "अगं, माझ्या पोटचा तो. सिनेमाचा शेवट कधी बघितला का त्यानं? मध्यंतरात उठून यायचा. लग्नात मंगलाष्टकं व्हायच्या आत तुला हार घालून मोकळा झाला, भटजी ओरडले. चौदा वर्षं एका जागी बसेल तो?"
खरंच होतं. मला कुठं नेलं की चल, चल, चल. मी कशी विसरले?
पण तुम्हीच म्हणाला होतात, म्हटलं.
"तू रडत होतीस. काहीतरी म्हणायला नको का?"
चौदा वर्षं. राग यायला हवा होता. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हसायला लागले, त्याही. गहू सगळीकडे. जाऊबाई दारात येऊन बघून गेल्या.
नंतर मी विचारलं, तुम्हाला जायचं आहे का तिथं? म्हणाल्या, हाव, आठ दिवस. आईच्या हातचं खायचं, सगळ्यांना भेटायचं, तुझ्या नवऱ्याला दोन गोष्टी सुनवायच्या, त्यानं दम धरला तर. मग निवांत निजायचं, कुणी उठवायचं नाही. कायमची तकलीफ कोण घेईल?
लिंगायताबद्दल मात्र ओठ मुडपून सांडलेले गहू सुपात भरत राहिल्या. मग विचारलं, पाण्याची सोय आहे का त्याच्याकडं? आड आहे म्हटलं. धाकट्याला आत्ता बोलू नको, मी बघते केव्हा सांगायचं ते, म्हणाल्या. सांगतील की नाही, देव जाणे.

७ मे, शनिवार. लातूर
काल आले. आज कचेरीत साहेबांनी विचारलं, नांदेडला लग्नकार्य होतं का? चेहऱ्यावर काहीतरी दिसत असणार. श्राद्ध होतं म्हटलं. ते गोंधळले.
माझ्या मुलीला पत्र लिहायला बसले. दोन ओळींत अडकले. ती आनंदेल की महिनाभर बोलणार नाही, खरंच सांगता येत नाही. तरी आज रात्री छान झोप लागेल, असं वाटतं.

८ मे, रविवार
म. देगलूरहून परत. दुकान बंद करून आला, घामाघूम. मुलीला सांगून आलाय. ती आधी रडली, मग लग्नात कोणतं लुगडं नेसायचं ते ठरवलं.
मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि एका दमात सांगून टाकलं. सासूबाईंचं सगळं सांगितलं. मग म्हटलं, माझी एक अट आहे. कायमचं म्हणायचं नाही. जन्मोजन्मी नाही, कैलासात नाही, दुधात साखर नाही. इथं दोघं आहोत तोवर. त्या दिवशी लिंबाखाली इतकं छान वाटलं ते बस येणार होती म्हणूनच, असं माझं मत झालंय. बस येणारच नाही असं कुणी सांगितलं असतं तर मी म्हशीशी भांडले असते. तुमच्याशीही.
मला वाटलं होतं तो लगेच हो म्हणेल. तर हा गंभीर झाला. म्हणाला, "म्हंजे तिथं भेट झाली तर तुम्ही मला ओळख देणार न्हाई?"
तिथलं तिथं बघू, म्हटलं.
"मला लई जड जाईल ते बाई. मी कायमचंच विचारून राहिलो होतो." तांब्या खाली ठेवला. "उद्या संध्याकाळी सांगतो." आणि गेला. खरंच गेला. पाडव्यापासून मी त्याला टांगून ठेवलं आणि आता हा मला.
अट चुकली का? नाही. खरं तेच बोलले, परत विचारलं तर परत तेच बोलेन. पण तो नाही म्हणाला तर? दोनदा दाराशी जाऊन रस्ता बघून आले. ह्या वयात शोभत नाही, आणि फार मजा वाटते आहे.
चौदा वर्षं कुणीतरी माझी वाट बघतंय म्हणून जगले. आता मी कुणाची तरी बघते आहे. उद्या संध्याकाळपर्यंतच. संध्याकाळ लवकर व्हावी असं वाटतं आणि होऊच नये असंही.