एकेचाळीस पत्रांची फाइल

४ मार्च, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, एक छत्री आणि कुरकुरणारे गुडघे घेऊन ताईच्या दारात उभी राहिले, तर दार उघडायच्या आधीच ती आतून ओरडली, की पायपुसणं नवं आहे, पाय नीट पूस. मी अठ्ठावन्न वर्षांची, ती पासष्टची; पण तिच्या लेखी मी अजून दुसरीतली चिमीच. लग्नांनंतर तीस वर्षं आम्ही दोन गावांत काढली, पत्रांवर जगलो. आता दोघीही एकट्या, तेव्हा एका घरात राहू, असं तिनंच ठरवलं, आणि माझ्यासाठी इथल्या दप्तरखान्यात नोकरीही तिनंच शोधली. माझ्या पलंगावरच्या चादरीचे कोपरे तिनं कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टर शिकवायच्या तसे दुमडले होते. बघून डोळे भरून आले. तिनं लगेच विचारलं, प्रवासाची धूळ गेली का डोळ्यांत.

६ मार्च, बुधवार

काम आवडलं. जुने कागद स्कॅन होऊन संगणकात येतात. प्रत्येक फाइल ठरलेल्या नमुन्यात आहे का, म्हणजे शंभर वर्षांनीही ती जशीच्या तशी उघडेल का, एवढं मी तपासायचं. पासवर्ड नको, आपोआप चालणारं काही नको, आणि मुख्य म्हणजे फाइलनं बाहेरच्या कशावरही अवलंबून राहायचं नाही. एखादं चित्र, नाहीतर अक्षरांचा टाइप बाहेर राहिला असेल, तर पडद्यावर लाल ओळ येते: ‘बाहेरचा एक घटक सापडला.’ खाली दोन बटणं, ‘आत घ्या’ आणि ‘नाकारा’. नाकारली की फाइल कायमची पुसली जाते. आत घेतलं की हिरवी खूण येते, आणि मग तिच्यात बाहेरून काना-मात्राही बदलता येत नाही.

आमच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या म्हणाल्या, नवीन माणसानं फार डोकं चालवू नये, सरळ ‘आत घ्या’ दाबावं. शेजारच्या टेबलावरचे काका कुजबुजले, की बाईंचं डोकंसुद्धा असंच कधीतरी आत घेतलं गेलंय. हसू दाबता दाबता मला ठसका लागला.

८ मार्च, शुक्रवार

ताईची पत्रं सोबत आणली आहेत. एकूण एकेचाळीस, प्रत्येक एकेका पानाचं. बिस्किटांच्या डब्यात ठेवूनही शाई उडत चालली आहे. काही ओळी तर मला पाठ आहेत म्हणूनच वाचता येतात. सकाळी ताईला सांगितलं, की ही मी कायमची जपणार. ती म्हणाली, माझी रडगाणी शंभर वर्षांनी कोण वाचणार गं, तुला दुसरा उद्योग नाही? पण गालातल्या गालात खूश होती.

जेवणाच्या सुट्टीत स्कॅन केली, एक फाइल केली, तपासणीला लावली. लाल ओळ आली: बाहेरचा एक घटक. हाताच्या अक्षरात कसला आलाय बाहेरचा घटक? मोठ्या बाईंचं आठवलं. ‘आत घ्या’ दाबलं. हिरवी खूण आली, तेव्हा लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

११ मार्च, सोमवार

ताईचं काहीतरी बिनसलंय. शनिवारपासून धड बोलत नाही. आज विचारलं, चहात साखर घालू का. म्हणाली, “इकडे सगळे खुशाल आहेत, काळजी नसावी.” मला वाटलं, थट्टा करतेय. मग खिडकीशी उभी राहून म्हणाली, की पाऊस थांबला की बागेतली फरशी बदलून घेणार आहे.

या घराला बाग नाही. बाग तिच्या आधीच्या घराला होती. हे वाक्य सातव्या पत्रातलं आहे.

१३ मार्च, बुधवार

रजा घेतली. दिवसभर तिच्याशी बोलत राहिले आणि तिचं प्रत्येक वाक्य डब्यातल्या पत्रांशी ताडून पाहिलं. एकही नवं नाही. सगळी त्या एकेचाळीस पत्रांतली, शब्दाला शब्द.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी विचारलं, कसं वाटतंय. ती एकोणिसाव्या पत्रातलं बोलली, की विश्रांतीनं आता पुष्कळ बरं आहे. डॉक्टर खूश. मलाच म्हणाले, तुम्ही जरा झोपत जा.

तीन दिवसांत तिनं पाण्याचा घोटही घेतलेला नाही. ओठ मात्र कोरडे पडलेले नाहीत. तिच्यात काहीच बदलत नाही.

१४ मार्च, गुरुवार

आज कळलं. बाहेरचा घटक म्हणजे ताई. पत्रं लिहिणारी.

मोठ्या बाईंपुढे अक्षरशः हात जोडले. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात सगळेच घरचं काहीतरी घालतात. मी म्हटलं, तिला बाहेर काढा. त्या शांतपणे म्हणाल्या, आत घेतलेलं बाहेर काढायची सोय नाही. ती असती, तर त्याला जतन कसं म्हटलं असतं? मग मलाच विचारलं, की निदान ती खराब तरी होणार नाही, हे चांगलं नाही का?

काका आज हसले नाहीत. त्यांनी मला त्यांची एक फाइल दाखवली. बायकोच्या शाळेच्या वह्या. तिच्याबद्दल ते कधीच बोलत नाहीत, ते का, हे आता —

१५ मार्च, शुक्रवार

ताईचा हात धरला. थंड नाही, गरमही नाही. गुळगुळीत. बाजूनं पाहिलं की ती नीट दिसत नाही. समोर उभं राहावं लागतं.

खालच्या मजल्यावरची शिंपीण ताईचा कोट घेऊन आली. मापाच्या वहीत नाव नाही म्हणाली. हा कोट कुणाचा ते मलाच विचारत होती. ताई माझ्या शेजारीच उभी होती.

१८ मार्च, सोमवार

ताई नाही. खोलीत नाही, घरात नाही. पलंगाला कुणी कधी निजल्याची खूणही नाही. शिंपीण म्हणते, तुम्ही तर पहिल्यापासून एकट्याच.

डब्यातले कागद कोरे. सगळे.

१९ मार्च, मंगळवार

फाइल उघडली. पानं बेचाळीस.

शेवटचं पान नवं. ताईचंच अक्षर, घाईतलं —

“चिमे, इथे दार नाही. उद्या बाराला ही फाइल पुन्हा तपासली जाईल. जिला लिहिलं ती अजून बाहेर आहे, असं दिसेल. तू ‘नाकारा’ दाब. मी पुसली जाईन, जाऊ दे. ‘आत घ्या’ मुळीच दाबू नकोस. तू येऊ नकोस गं.”

२० मार्च, बुधवार. साडेअकरा

लाल ओळ आली. बाहेरचा एक घटक सापडला. पुढे माझं नाव.

खाली बारीक अक्षरांत — बारापर्यंत उत्तर न आल्यास घटक आपोआप आत घेतला जाईल.

‘नाकारा’ दाबायचं. एवढंच. बोट ठेवून बसले आहे. दाबलं की ताई कुठेच नाही. तिचं अक्षर नाही, आवाज नाही. आपल्या हातानं ताईला —

पावणेबारा

काका मला म्हणतात, बाई, ‘नाकारा’ दाबा. रडतायत. स्वतः नाही दाबलं म्हणे त्यांनी, पण बायकोनं त्यांना उद्देशून काही लिहिलंच नव्हतं, म्हणून राहिले बाहेर —

बाराला दोन मिनिटं

नाही होत. ताई, मला नाही —

बारा

पानं त्रेचाळीस.

नवीन पान. अक्षर ताईचं नाही. डावीकडे कललेलं, गोल. माझं. मी हे लिहिलेलं नाही. लिहिलंय —

“ताई, मी पोचले. तू रागावलीस ना? इथे”

पुढची ओळ उमटतेय. मी खुर्चीतच आहे. टेबलाला धरून. काका माझ्याकडे बघतायत, पण माझ्या मागची भिंत बघावी तसे — काका, मी इथे